सरांनी तपासलेलं पाणी

आमच्या दारात कुणीही आलं की आई आधी पाणी देते. वाटीत गुळाचा खडा, तांब्यात माठातलं पाणी. वायरमन असो, कुरिअरवाला असो, पत्ता चुकलेला माणूस असो. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत ती काही विचारत नाही. मग पदराला हात पुसत म्हणते, "हं, बोला पावणं." मागच्या उन्हाळ्यात मात्र कितीतरी दिवस आमच्या दारात कुणाला गूळ-पाणी मिळालं नाही. माठ मोरीत पालथा पडून होता.

आम्ही मूळचे जयसिंगपूरजवळचे. आमच्याकडची बरीच जमीन क्षारानं पांढरी पडलेली आणि विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजता शिजत नसे, डोक्याला साबण लावला तर केसांचा नुसता चिकटा व्हायचा. मला शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या डिस्पॅच खात्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही कोल्हापूरच्या कडेला एक लहान प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. बोअर कुठं मारायचं हे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तळहातावर नारळ धरून ठरवलं. "आबा, हे काही शास्त्रीय नाही," असं मी म्हणालो, तर म्हणाले, "शास्त्र तुज्यापाशी ठेव. नारळ माज्यापाशी हाय." पाणी लागलं. गढूळपणा गेल्यावर आबांनी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं आणि आईला हाक मारली, "अगं, गोड हाय की!" आईचा त्यावर विश्वास बसला नाही. तिनं त्याच पाण्यात तुरीची डाळ लावली. पाण्याची परीक्षा आमच्यात डाळीनंच होते. डाळ लोण्यासारखी शिजली, तेव्हा ती हसली.

त्या बोअरचा आबांना फार अभिमान होता. शेवटच्या वर्षांत साखरेनं त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. दिवसभराचं पाणी आई एका बाटलीत भरून ठेवायची, त्यावर थेंब नाही. ज्यांनी पाणी शोधलं त्यांनाच पाणी मोजून मिळायला लागलं. उन्हाळ्यात ते लहान पोरासारखे मागायचे, "एक घोट दे की गं." आईला राहवायचं नाही. माझी पाठ वळली की ती माठातला एखादा घोट त्यांना द्यायची. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आबा गेले.

आता सरांविषयी. जयसिंगपूरच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. दहावीनंतर आबा मला कामाला लावणार होते. सर सायकलवरून घरी आले, बाजेवर बसले, आईनं दिलेला गूळ तोंडात टाकला आणि आबांना म्हणाले, "ह्याला मला द्या. पाच वर्षांनी परत करतो." कॉलेजचा प्रवेश, वसतिगृह, फी माफीचे अर्ज, सगळीकडं ते माझ्याबरोबर उन्हातान्हात आले. मी पदवीधर झालो त्या दिवशी आईनं पहिला पेढा देवापुढं न ठेवता सरांच्या घरी पाठवला. आमच्या भिंतीवर आबांच्या फोटोशेजारी दुसरा फोटो आहे तो सरांचा आणि माझा. मी गाऊन घातलेला, सर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे. आज मी जे चार शब्द नीट लिहू शकतो ते त्यांच्यामुळं. हे मी आजही मनापासून लिहितो आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहिणं अवघड जातं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी सर अचानक घरी आले. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता. खांद्यावर बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी पाया पडलो. आईची धांदल उडाली. गूळ-पाणी घेऊन सर म्हणाले, "आता लोकांचं आरोग्य बघायचं काम घेतलंय. वहिनी, पाणी कुठलं पिता?"

"आमच्या बोअरचं की, सर. ह्यांनी मारल्यालं. लई गोड हाय."

"गोड लागतं तेच घात करतं," सर म्हणाले.

त्यांनी बॅगेतून काचेचे दोन ग्लास काढले. एकात आमच्या माठातलं पाणी ओतलं, दुसऱ्यात त्यांनी बाटलीतून आणलेलं आरओ मशीनचं. पेनासारखा एक मीटर आधी आमच्या पाण्यात बुडवला. आकडा तीनशेच्या वर गेला. मशीनच्या पाण्यात तो वीसच्या आसपास थांबला. मग त्यांनी धातूच्या सळया असलेलं एक यंत्र दोन्ही ग्लासांवर ठेवलं आणि वायर माझ्याकडं दिली.

"धर रे. शाळेत धरायचास तशी."

मी हसत वायर धरली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. सरांनी बटण दाबलं. आमच्या ग्लासातलं पाणी आधी पिवळं झालं, मग हिरवट, मग त्यावर तपकिरी साका आला. गटारीच्या पाण्यासारखा. शेजारचा ग्लास तसाच्या तसा, नितळ.

"अगं बया," म्हणून आई भिंतीला टेकली.

सरांनी आबांच्या फोटोकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, आता बोलू नये, पण तुम्ही घरच्या म्हणून बोलतो. किडन्या जातात त्या अशाच पाण्यानं."

आई रडली नाही. तिनं माठ उचलला आणि बाहेर नेला. मी म्हणालो, "आई, तुळशीत ओत." ती म्हणाली, "तुळशीला बी नको ते." तिनं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. त्याच आठवड्यात भिंतीवर सरांच्या कंपनीचं आरओ मशीन बसलं.

मशीनचं पाणी स्वच्छ होतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण आईनं लोकांना पाणी देणं बंद केलं. कुणी आलं तर ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. मी म्हणालो, "आता तर चांगलं पाणी आहे, दे की." तर म्हणाली, "इतकी वर्सं ज्यास्नी दिलं त्यांचं काय?" मला वाटलं, होईल सवय. मग एका दुपारी सुट्टी टाकून मी लवकर घरी आलो, तेव्हा ती आबांच्या फोटोसमोर उभी होती. पाठमोरी. हळू आवाजात बोलत होती.

"डाक्टर न्हाय म्हणत हुता, तरी बी मी दिलं. घोटाघोटानं इखच घातलं की वो तुमास्नी. मला काय ठाव हुतं."

मी चपला न वाजवता परत बाहेर गेलो. थोड्या वेळानं मोठ्यानं खोकून आत आलो. त्या संध्याकाळी मी तिला शंभरदा सांगितलं की आबा साखरेनं गेले, डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं.

"डाक्टरनं काय आपल्या घरचं पाणी बघितलंय? सरांनी डोळ्यादेखत दाखवलं. तू बी वायर धरून हुतास की."

जेवण कमी झालं, झोप गेली. तिच्या डोक्यातून हे काढलं नाही तर ती खचत जाणार, हे मला दिसत होतं.

सर जाताना म्हणाले होते, अधूनमधून मीटरनं तपासत जा. म्हणून मी तसाच एक मीटर घेतला. शिकलेल्या माणसाची खोड, हातात मोजायचं साधन आलं की दिसेल ते मोजत सुटायचं. घरचं मशीन मोजलं, शेजारचा नळ मोजला, एक दिवस मीटर फौंड्रीत नेऊन कूलरचं पाणी मोजलं. माझ्या टेबलाशेजारी बसणारा आजऱ्याचा एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत शहाळं पीत होता. म्हणाला, "पाण्यात काय घालतोयस? माज्या सासऱ्यात घालून बघ. त्याच्याएवढा खारट माणूस आख्ख्या आजऱ्यात न्हाय." सगळे हसले. त्यानं शहाळं पुढं केलं, "बरं, ह्यात तरी घाल."

मी घातला. आकडा आमच्या बोअरच्या कितीतरी वर गेला.

"आयला," तो म्हणाला, "मग मी अजून जिता कसा?"

तेव्हा मीही हसलो. पण घरी जाताना बसमध्ये ते डोक्यातून जाईना. घरी आल्यावर मशीनचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात गुळाचा खडा विरघळवला आणि मीटर बुडवला. आकडा चढत चढत बोअरला मागं टाकून गेला. आई दारातून बघत होती.

"म्हंजे? गूळ-पाणी बी इखच?"

त्याच क्षणी मला आमचा दहावीचा वर्ग आठवला. सर गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणायचे. काचेच्या भांड्यात दोन खिळे, वायर, टॉर्चचे सेल, छोटा बल्ब. वायर धरायला मी. बल्ब लागत नसे. मग सर चिमूटभर मीठ टाकायचे आणि बल्ब लागायचा. "पाणी वीज नेत नाही बाळांनो, पाण्यातलं मीठ नेतं," असं म्हणायचे. मग तो खिळा बाहेर काढून आम्हाला दाखवायचे. भांड्यात तपकिरी साका जमलेला असायचा. "हा रंग कुणाचा? पाण्याचा का खिळ्याचा?" आम्ही सगळे ओरडायचो, "खिळ्याचाऽ!"

म्हणजे मीटर फक्त पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगत होता. ते चांगले की वाईट, हे त्याला कळत नव्हतं. आणि तो साका आमच्या पाण्यातला नव्हता. लोखंडी सळईतून निघालेला होता. मशीनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हतेच, म्हणून वीज गेली नाही, म्हणून ते नितळ राहिलं.

त्या रात्री मी सरांसाठी सबबी शोधत होतो. कंपनीनं त्यांना जे शिकवलं ते त्यांनी केलं असेल. वय झालं, विसरले असतील. मीटरला जंतू दिसत नाहीत हेही माझ्या लक्षात होतं, म्हणून बोअरच्या पाण्याची बाटली सरकारी प्रयोगशाळेत तपासायला दिली. पाणी पिण्याजोगं आहे, असं त्यांनी सांगितलं. मी घाईनं घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "सरकारी माणसं. त्यांचं काय जातंय बोलाय." मग जरा थांबून म्हणाली, "सर म्हणू देत. मग मी मानीन."

तेव्हा मी जयसिंगपूरची एसटी धरली.

सर बाजारात गेले होते. काकूंनी बसायला सांगितलं, आतून वाटीत गूळ आणि तांब्या आणला. मी प्यालो. गार पाणी, मातीचा वास असलेलं. अर्धा तांब्या संपल्यावर माझ्या लक्षात आलं. मी स्वयंपाकघराकडं बघितलं. कोपऱ्यात माठ होता, भोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. भिंती मोकळ्या.

"काकू, मशीन नाही बसवलं?"

"काय करायचंय? आमच्या ह्यांची त्या पाण्यानं तहानच भागत न्हाई. म्हणत्यात, माठाचंच दे."

सर दारात उभे होते. हातातली भाजीची पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली. काकू चहा करायला आत गेल्या.

मी म्हणालो, "सर, तो रंग सळईचा होता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. वर्गात उत्तर बरोबर आलं की ते असंच करायचे. "आठवलं तर तुला," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत."

"मशीन वाईट नाही रे. पाणी चांगलंच देतं."

"मशीनचं काही म्हणणं नाही सर. राहू दे ते. तुम्ही फक्त एकदा या आणि आईला सांगा की आबा पाण्यानं गेले नाहीत. तिला वाटतंय तिनं त्यांना विष पाजलं."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला वाटलं येतील. मग म्हणाले, "तुमच्या कॉलनीत अजून चार घरी बोलणं चाललंय. एका घरी असं सांगितलं की दुसऱ्या घरी मी काय सांगू? तुमच्याकडं बसवलंय म्हटल्यावर लोक ऐकतात. पदवीधराचं घर आहे म्हणून सांगतो मी."

हे ऐकायला मी तयार नव्हतो. माझी पदवी त्यांच्या बॅगेत होती, त्या दोन ग्लासांशेजारी.

"सर, आबांचं नाव कशाला घेतलंत?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला काय वाटतं, विनाअनुदानित शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला म्हातारपणी कोण विचारतं? तुम्हा पोरांना घडवताना मी काही मागितलं का कधी?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "वहिनींच्या मनाला लागलं असेल. जाईल हळूहळू."

त्यांनी खरंच काही मागितलं नव्हतं. त्यांनी हक्कानं मागितलं असतं तर मी काहीही दिलं असतं, आनंदानं दिलं असतं. हे त्यांना सांगावं असं फार वाटलं, पण तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी तो प्यालो, सवयीनं पाया पडलो, आणि सरांनीही सवयीनं डोक्यावर हात ठेवला. एसटीत बसल्यावर मला रडू आलं. आबा गेले तेव्हाही मी असा लोकांत रडलो नव्हतो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "येत्यात का सर?"

"नाहीत येत."

मी आबांच्या जुन्या गाडीची बॅटरी काढली. पेल्यात मशीनचं पाणी घेतलं, दोन नवे खिळे वायरला बांधून त्यात सोडले. आईला समोर पाटावर बसवलं. काहीच झालं नाही. पाणी नितळ.

"ह्ये तर चांगलं पाणी," आई म्हणाली. "त्याला काय हुतंय?"

मी तिच्या डब्यातलं चिमूटभर मीठ पेल्यात टाकायला तिलाच सांगितलं. तिनं टाकलं. थोड्याच वेळात खिळ्याभोवती हिरवट धूर उठल्यासारखं झालं, मग पिवळं, मग तपकिरी. मशीनच्याच पाण्याचं गटार झालं. मी खिळा बाहेर काढून तिच्या हातात दिला. एका बाजूनं तो खरबरीत झाला होता, बोटाला गंज लागत होता. तिनं तो पदराला पुसला आणि परत निरखून बघितला.

"ह्यो गंज खिळ्याचा हाय."

"होय."

"आपल्या पाण्याचा न्हाय."

"नाही आई. आबांच्या पाण्याचा नाही."

ती खिळा हातात घेऊन बसून राहिली. मला वाटलं आता रडेल, हलकी होईल. तिनं विचारलं, "ह्ये तुला कुणी शिकवलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "सरांनी. दहावीत."

"म्हंजे त्यास्नी ठाव हुतं."

मी मान हलवली.

"तुला शिकवलं," ती म्हणाली, "मग मला का न्हाय शिकवलं? मी काय त्यांच्या पाण्यात मीठ टाकलंतं?"

मी बॅटरीच्या वायरी सोडवून गुंडाळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा चुलीवर डाळ होती. बोअरच्या पाण्यात लावलेली. आईनं पळीनं घोटून बघितली, आबांच्या फोटोकडं न बघताच म्हणाली, "शिजली." मग माठ घासून, उन्हात वाळवून, भरून कोपऱ्यात ठेवला. मशीन काढायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गाडीच्या बॅटरीला लागंल ते पाणी." सरांच्या फोटोविषयी मीही विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. तो भिंतीवरच आहे. पुसताना ती आता आबांच्या फोटोची काच पुसते आणि फडकं झटकते. सरांच्या फोटोवर धूळ बसते. मला ती दिसते, पण माझाही हात होत नाही.

थोड्या दिवसांनी कॉलनीतल्या मागच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या. आईनं गूळ-पाणी पुढं केलं. त्यांनी पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मशीनचं हाय न्हवं? तुमच्याकडं बसवलंय म्हणून ते सर सांगत हुते. आमच्यात उद्या येणार हायत दाखवाय. म्हटलं, आधी तुमास्नी इचारावं. शिकल्याल्यांचं घर."

आई माझ्याकडं वळली. "बॅटरी आण. आनि खिळं."

मी जागचा हललो नाही. उद्या सर त्या घरी जाणार, ग्लास मांडणार, आणि मावशी त्यांना मीठ आणून देणार. हे माझ्या डोळ्यांपुढं आलं. एवढं सगळं होऊनही मला सरांची लाज राखावीशी वाटत होती.

"आण की," आई म्हणाली. "त्यांच्या घरात बी म्हातारं माणूस अंथरुणावर हाय."

मी आणली. आईनंच पेला भरला, आईनंच मीठ टाकलं. मी वायर धरली. पाणी पिवळं होताना मावशी तोंडावर पदर घेऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बया! ह्ये कुणी शिकवलं गं तुला?"

आई खिळ्याकडं बघत होती.

"ह्याच्या सरांनी," ती म्हणाली. "पाणी प्या आधी."